खाली गाळे, वर बिऱ्हाडं: किल्लारीनंतरचा अर्धवट धडा

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं दगावली. जगाच्या मानाने हा भूकंप मध्यम, ६.२ तीव्रतेचा. मग किल्लारी, सास्तूरला एवढा संहार का झाला?

माणसं मारली ती घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थराचं जड माळवद. भिंतीचे दोन पदर एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. ते फुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. काही माती-धुळीने गुदमरले. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेल्यांना तर सुटकेनंतरही धोका असतो. चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून शक्य असेल तर ओझं उचलण्याआधीच सलाईन सुरू करावं लागतं.

आता माळवदं कमी झाली. धाराशिव, उमरगा, तुळजापूरच्या रस्त्यांवर आरसीसीच्या इमारती आल्या. खाली दुकानं, मध्ये दवाखाना किंवा क्लास, वर बिऱ्हाडं. सिमेंट आलं म्हणजे धोका गेला, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

वरच्या मजल्यांवर खोल्यांच्या विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो भाग ताठ राहतो. खाली दुकानाला मोकळी जागा हवी, म्हणून भिंती नसतात, नुसते कॉलम. हादऱ्यात वरचा भाग एका पेटीसारखा हलतो आणि सगळा ताण तळमजल्याच्या कॉलमवर येतो. ते मोडले की इमारत खाली बसते. माळवदाचंही हेच झालं होतं: वर वजन, खाली कमजोर आधार.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. भूजमध्ये तर सरकारी रुग्णालयच पडलं. जखमींना न्यायचं कुठे, हा प्रश्न त्याच सकाळी उभा राहिला. पुढे तिथलं रुग्णालय हादरे शोषणाऱ्या रबरी बेअरिंगवर बांधलं गेलं.

मुंबईच्या गगनचुंबी इमारतींतही खाली दुकानं, वर घरं असतात. तिथे लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पायापासून माथ्यापर्यंत सलग नेल्या जातात. चार मजल्यांच्या इमारतीलाही अशा एक-दोन सलग भिंती देता येतात. कॉलममधल्या रिंगा जवळजवळ बसवून त्यांची टोकं आत, १३५ अंशांत वळवली, तर कॉलम हादऱ्यात फुटून सळया मोकळ्या होत नाहीत. या कामाचा खर्च इमारतीच्या मानाने थोडा असतो.

१९९३ पूर्वी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जाई. २००२ मध्ये किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला आणि मोकळ्या तळमजल्याचे कॉलम अडीच पट बळाला टिकावेत, असं मानकात आलं. नियम तेव्हा कागदावर आला. तो साइटवर उतरला का, हे मालकाने आणि नगरपालिकेने पाहायचं आहे. दवाखाना भाड्याने घेताना डॉक्टरांनी आणि फ्लॅट घेताना कुटुंबाने स्ट्रक्चरल इंजिनीअरचा नकाशा मागावा. दुकान रुंद करण्यासाठी कुणी भिंत किंवा कॉलम तोडत असेल, तर वरच्या बिऱ्हाडांनी ते तिथेच थांबवावं. भूकंपाची वेळ सांगता येत नाही. कॉलमची ताकद मात्र आजच तपासता येते.