फोनमधला रेडिओ बंद कुणी ठेवला?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा वेळी लाईट जाते, मागोमाग टॉवर बसतो आणि खिशातला पंधरा हजाराचा फोन नुसता टॉर्च होऊन जातो.

खरं तर बऱ्याच फोनच्या चिपमध्ये एफएम रेडिओ असतोच. त्याला ना टॉवर लागतो ना डेटा. आणि वीज? अगदी थोडी. ती कशी, ते समजून घेण्यासारखं आहे.

आकाशवाणी बीड १०२.९ मेगाहर्ट्झवर लागतं. एवढी वेगवान लहर जशीच्या तशी निवडणं, वाढवणं अवघड. म्हणून रेडिओ स्वतःची एक लहर तयार करतो, समजा ११३.६ ची, आणि दोन्ही एका सर्किटमध्ये घालतो. त्याचं नाव मिक्सर (चटणीचा नव्हे!). तिथून दोघींमधला फरक बाहेर पडतो, १०.७. भजनात दोन पेट्या किंचित बेसूर लागल्या की एक हळू हेलकावा ऐकू येतो ना, काहीसं तसंच. स्टेशन बदललं तरी फरक तोच ठेवायचा, म्हणजे पुढचं सर्किट एकाच लहरीपुरतं केलं की भागतं. एडविन आर्मस्ट्राँग यांची ही १९१८ ची युक्ती.

पण मिक्सरचा करंट कमी केला की खरखर वाढते, शिवाय जवळचं जोरदार स्टेशन लांबच्याला दाबून टाकतं. हे सगळं सांभाळून इंजिनिअर लोकांनी अख्खा रिसीव्हर १५-२० मिलिअँपिअरवर आणला. फोनची स्क्रीन याच्या कैक पट खाते. फडावरच्या कोपीत चार्जिंगची बोंब असणाऱ्या आपल्या ऊसतोड माणसाला हे किती कामाचं! तिकडं बीड नाही लागणार, पण कोल्हापूरचं १०२.७ लागेल.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयानं मोबाईल कंपन्यांना सांगितलं, फोनमधलं एफएम बंद ठेवू नका. पण तो सल्ला होता, हुकूम नव्हे. वरून इअरफोनचं भोकच गायब होत चाललंय, आणि त्याची वायर हाच तर या रेडिओचा अँटेना!

माझं म्हणणं, सक्तीच करा. आणि आकाशवाणीनंही पुराच्या रात्री गाणी थांबवून कुठल्या नदीला पाणी किती, कुठला पूल बंद, हे सांगावं. नाहीतर रेडिओ चालू असून उपयोग काय?

वायरचा इअरफोन लावून आपापल्या फोनवर १०२.९ लागतंय का बघा. फोनचं मॉडेल आणि तालुका खाली लिहा. यादी करून जिल्हाधिकारी कार्यालयात देतो.