किती मेले, कोणी मोजले?



गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याने नालासोपारा स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून तीस रुपयांना एक जुनी इंग्रजी कादंबरी आणली. मुखपृष्ठावर घोडेस्वार, हातात पिस्तूल, मागे लाल डोंगर. दोन दिवस पोराने जेवतानाही मान वर केली नाही. शेवटी त्याच्या अब्बांनी विचारले, "एवढं काय आहे रे त्यात?" तो म्हणाला, "अब्बा, पहिल्या पन्नास पानांत अकरा जण मेले!" क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे त्याने सांगितले.

अब्बा चिडले. "उद्याच्या उद्या परत देऊन ये." तेवढ्यात दादी हसून म्हणाल्या, "तू काय कमी वाचलीस? भूगोलाच्या पुस्तकात अर्नाळकर लपवून वाचायचास." अब्बा गप्प झाले.

दादींचे खरेच होते. बाबूराव अर्नाळकर हे टोपणनाव. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या नावातले अर्नाळा म्हणजे आपल्या विरारजवळचेच गाव, समोर समुद्रात किल्ला असलेले. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसे महाराष्ट्रात घरोघर गेली. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ज्या घरांत उर्दू वाचली जायची तिथे इब्ने सफी होते. त्यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादेतून सुरू झाली आणि पुढे इम्रानच्या कथा आल्या. तेव्हा रहस्य, पाठलाग, खून हे आपल्या घरांना नवे नाही. वाचायची सवयच अनेकांना अशा पुस्तकांनी लागली.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या या कादंबऱ्यांचा साचा साधा असतो. मोकळे रान, गावात कायदा नाही, जमिनीवरून किंवा गुरांवरून भांडण आणि एक अनोळखी घोडेस्वार. पान उलटले की गोळी सुटते. अशा कितीतरी पुस्तकांत मेलेल्याला नाव नसते. त्या भूमीचे मूळ रहिवासी तर झुंडीने मारले जातात आणि गोष्ट पुढे जाते. मरण हा नुसता वेग वाढवायचा मसाला होतो.

पण याच प्रकारात चांगली पुस्तकेही आहेत. जॅक शेफर यांची ‘शेन’ १९४९ साली आली. गोष्ट एका लहान मुलाच्या तोंडून सांगितली आहे. तिथे माणसे मोजकीच मरतात. पण शेवटी बंदूक चालवल्यावर शेनला त्या घरात राहता येत नाही, तो निघून जातो. चार्ल्स पोर्टिस यांच्या ‘ट्रू ग्रिट’मध्ये (१९६८) चौदा वर्षांची मॅटी बापाच्या खुन्याच्या मागावर निघते. त्यात गोळीबार भरपूर आहे, हसूही येते. पण सूड पुरा होता होता तिला साप चावतो आणि तिचा एक हात जातो. बदल्याची किंमत लेखकाने तिच्याकडून वसूल केली आहे.

इंग्रजी नको असेल तर ‘शोले’ आठवा. सलीम-जावेद यांनी लिहिलेला, १९७५चा हा चित्रपट त्याच कादंबऱ्यांच्या आणि चित्रपटांच्या वळणाचा. त्यात कितीतरी माणसे पडतात, ती आपल्या लक्षात राहत नाहीत. पण इमामसाहेबांचा अहमद, म्हणजे आपला सचिन, घोड्यावरून मृत परत येतो तेव्हा सारा गाव थबकतो. आंधळे इमाम हाताने चाचपून मुलाला ओळखतात, आणि अजान होताच मशिदीकडे निघतात. आजही तो प्रसंग लागला की आमच्या घरात कोणी बोलत नाही. तिथे मेलेल्याला बाप आहे, गाव आहे, नमाज आहे.

मी धाकट्याला पुस्तक परत द्यायला लावले नाही. एक वही दिली आणि म्हटले, "जो मरेल त्याचं नाव लिही. पुढे, त्याच्यासाठी कोण रडलं तेही लिही."

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एक मय्यत झाली. धाकट्याच्या वर्गमित्राचे वडील कामावरून परतताना अपघातात गेले. दुपारी दुकानांची शटरे अर्धी खाली आली. शेजारच्या हिंदू घरातून चहाचा थर्मास आला. जनाज्याला खांदा देणाऱ्यांत धाकटाही होता, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, ‘अपघातात एक ठार’. त्याने त्या वाचल्या आणि बराच वेळ पेपर खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "अम्मी, नावसुद्धा नाही दिलं."

रात्री त्याने वही आणून दाखवली. कादंबरी संपली होती. मेलेले सत्तावीस. नाव असलेले नऊ. ज्यांच्यासाठी कोणी रडले असे दोन. खाली त्याने पेन्सिलीने आपल्या मित्राच्या वडिलांचे नाव लिहिले होते. त्यापुढे रडणाऱ्यांची यादी वहीच्या शेवटपर्यंत गेली होती.

पालकांना माझे एवढेच सांगणे. मुलांच्या हातातले थरारक पुस्तक ओढून घेऊ नका; ओढून घेतलेले पुस्तक गादीखाली जाते. आधी स्वतः चाळा. अत्याचाराची चटक लावणारे असेल तर स्पष्ट नाही म्हणा, आणि का ते सांगा. बाकीची वाचू द्या, पण जेवताना विचारा, "आज कोण मेलं? त्याच्या घरी कोण होतं?" पुस्तकाला उत्तर देता आले तर ते पुस्तक ठेवण्यासारखे आहे.

धाकट्याने ती कादंबरी रद्दीवाल्याला परत दिली. येताना वीस रुपयांना अर्नाळकर घेऊन आला. सध्या तो अब्बांच्या उशाशी आहे.