ग्रहणात काय चिरलंस?

दुभंगलेल्या ओठाचं मूल जन्माला आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न बाळाच्या दुधाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, "ग्रहणात काय चिरलंस गं?" बाळंतीण अजून नीट उठून बसलेली नसते, तोवर तिच्यावर खटला उभा राहतो. सासू, चुलत सासू, शेजारीण, सगळ्या न्यायाधीश. तीही बिचारी आठवून आठवून सांगते, सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा भेंडी चिरली होती. झालं, निकाल लागला!

बायांनो, जरा बोटं मोजा. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. दोन्ही बाजूंचे भाग वाढत येऊन एकमेकांना सांधले जातात. तो सांधा राहिला की फट राहते. म्हणजे हा ओठ कुणी कापलेला नसतो, तो जुळायचाच राहिलेला असतो. सातव्या महिन्यातली विळी तिथे पोचणार कशी?

जगभरात साधारण 700 बाळांमागे एकाला हा दोष असतो. ज्यांना ग्रहण पाळणं ठाऊकच नाही, त्यांच्याही घरी. कारण एकच नसतं. आईचं धूम्रपान, फिटांवरची काही औषधं यांनी धोका वाढतो; पण मोठा वाटा जनुकांचा. आयआरएफ-6 नावाचं एक जनुक आहे. त्यातल्या बिघाडामुळे काही घराण्यांत खालच्या ओठावर खळगे आणि दुभंगलेले ओठ-टाळू पिढ्यान्‌पिढ्या येतात, हे 2002 मध्ये सिद्ध झालं. पुढे 2004 मध्ये कळलं की त्याच जनुकातले साधे, पुष्कळांत आढळणारे फरकही हा धोका वाढवतात. आणि जनुकं काय एकट्या आईची असतात? निम्मी बापाची! पण बापाला कधी कुणी आरोपी केलंय?

आपण तर जैन म्हणवतो. 'रत्नकरंड श्रावकाचारा'त आचार्य समंतभद्रांनी लोकमूढता टाकायला सांगितली आहे. चार लोक करतात म्हणून डोळे मिटून करायचं, याहून लोकमूढता वेगळी काय असते? कर्मसिद्धांत काढाल तर तोही सुनेच्याच बाजूचा आहे. देहाची घडण ज्याच्या त्याच्या नामकर्माने होते. एकाचं कर्म दुसऱ्याच्या ओठावर उमटत नाही. आणि "बाळाचंच पूर्वकर्म" म्हणून हात झटकणाऱ्यांनी चार दानं आठवावीत. त्यात औषधदान आहे, दोषदान नाही.

गंमत बघा. ग्रहणात सुरी धरू न देणाऱ्या याच घरांत मामाची मुलगी सून म्हणून हौसेने आणतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात दोषांचा धोका वाढतो, हे डॉक्टर कधीचे सांगताहेत. तिथे मात्र, "घरचीच पोर, सांभाळून घेईल!"

करायचंच असेल तर हे करा. टाळू दुभंगलेल्या बाळाला अंगावर ओढता येत नाही. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने, बाळाला उभं धरून, थोडं थोडं पाजा. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतं, टाळूचं वर्ष-दीड वर्षाच्या आत. पुढे बोलणं शिकवणारे लागतात, दातांचे डॉक्टर लागतात. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषावरचे उपचार मोफत आहेत. अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात विचारा. पुढचं मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांनी मिळून जनुकांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि दिवस राहण्याआधीपासून डॉक्टर सांगतील तशी फोलिक ऍसिडची गोळी सुरू करावी. चालू असलेलं फिटांचं औषध मात्र मनाने बंद करू नये.

बाळाचा ओठ सर्जन शिवतील. आईला जे लागेल असं बोललं जातं, त्यावर टाका नाही. तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत जाल तेव्हा एवढंच विचारा, "बाळ दूध पितंय ना गं?"