कुलूप प्रोसेसरला की गिऱ्हाइकाला?

जुना संगणक हाती आला की त्याचा वेग वाढवून पाहण्याची खोड अनेक तरुणांना असते. मला ती आवडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून कुठल्यातरी ऑफिसने मोडीत काढलेला पीसी आणायचा. आत इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २४०० निघतो आणि मदरबोर्डवर एच ६१ चिपसेट. मग प्रश्न येतोच, याला ओव्हरक्लॉक करता येईल का?

माझे उत्तर असते, जवळजवळ नाही. पण त्या नकारामागे दोन अगदी वेगळी कारणे आहेत आणि कंपन्या ती एकाच पुडीत बांधून आपल्याला देतात. एक कारण वीज आणि उष्णतेचे, दुसरे दरपत्रकाचे. पहिल्यापुढे मी मान तुकवतो. दुसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे.

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार. २४०० मध्ये मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे आणि गुणक ३१, म्हणून ३.१ गिगाहर्ट्झ. वेग वाढवायचा तर दोनांपैकी एक आकडा वाढवावा लागतो. २०११ साली आलेल्या या सँडी ब्रिज पिढीत गुणकाला कुलूप आहे. पी ६७ किंवा झेड ६८ चिपसेटच्या बोर्डवर हाच २४०० टर्बोच्या वर आणखी चार पायऱ्या, म्हणजे ३.८ पर्यंत चढू शकतो. एच ६१ वर तेवढीही मुभा नाही. उरले मूळ घड्याळ. पण त्याच घड्याळावर पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा चालतात. ते १०३ केले तर ३.१ चे ३.१९ होतात. त्याहून फार ताणले तर आधी डिस्कवरच्या डेटाची वाट लागते. शंभरातल्या तीन टक्क्यांसाठी बहिणीच्या लग्नाचे फोटो कोण पणाला लावणार?

पूर्वी असे नव्हते. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवून पाहा. त्याचाही गुणक बंदच होता, ४.५ वर. पण बस ६६ वरून १०० केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा, आणि त्यातले बरेचसे बिनतक्रार चालायचे. ४४० बीएक्स चिपसेटच्या एखाद्या बोर्डवर ही सोय दिलेली नसेल तर लोक प्रोसेसरचा बी २१ हा संपर्क चिकटपट्टीने झाकायचे. बोर्डला वाटायचे, हा १०० चाच आहे! २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉनवरचे तुटलेले पूल लोकांनी शिसपेन्सिलीने जोडले आणि गुणक मोकळा केला. आठ आण्यांच्या पेन्सिलीने उघडणारे कुलूप!

कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. त्या काळात काही व्यापारी कमी वेगाच्या चिपवरचा छाप बदलून ती जास्त वेगाची म्हणून विकत. गुणकाला कुलूप लावल्याने या फसवणुकीला आळा बसला, त्यात गिऱ्हाइकाचेही हित होते. शिवाय कारखान्यातून निघालेली प्रत्येक चिप सारखी नसते. तपासणीत जी जेवढे पेलते तेवढा आकडा तिच्यावर पडतो.

पण २०११ मध्ये काय झाले पाहा. २५०० बाजारात आला २०५ डॉलरला आणि उघड्या गुणकाचा २५००के २१६ डॉलरला. गुणक उघडायचे अकरा डॉलर. गंमत म्हणजे जास्त पैसे घेऊन २५००के मधून व्हीटी-डी ही आभासी यंत्रांना उपयोगी पडणारी सोय काढून टाकली होती. स्वस्तात होती, महागात नाही. यात सिलिकॉनची कुठली अडचण होती, ते मला कोणी समजावून सांगावे. त्याच सुमारास इंटेलने पेंटियम जी ६९५१ साठी ५० डॉलरचे कार्डही विकून पाहिले. कार्डवरचा कोड टाकला की प्रोसेसरमध्ये आधीपासून असलेली कॅश आणि हायपर-थ्रेडिंग जागे व्हायचे. म्हणजे वस्तू घरात आलेली, पैसेही दिलेले, आणि तिचा काही भाग अजून दुकानदाराच्याच ताब्यात.

मला सर्वांत जास्त खटकते ते २०१६ चे. स्कायलेक पिढीत काही बोर्ड उत्पादकांनी, त्यात ॲझरॉकही होती, कुलूपबंद प्रोसेसरचे मूळ घड्याळ वाढवायची वाट बायोसमधून मोकळी केली. त्याची किंमतही होती, अंगभूत ग्राफिक्स बंद पडायचे आणि तापमान नीट कळायचे नाही. तरी लोकांनी ती सोय बघून बोर्ड घेतले. मग इंटेलने उत्पादकांना नवा कोड दिला आणि पुढच्या बायोसमधून ती वाट बुजवली गेली. विकताना घातलेली अट मी समजू शकतो. विकल्यानंतर घातलेली अट म्हणजे भाडेकरूला न विचारता घरमालकाने एक खोली बंद करण्यासारखे आहे, आणि इथे तर भाडेकरूच मालक आहे.

आता खऱ्या मर्यादेकडे येऊ. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले तर १.२ गुणिले १.२१, म्हणजे जवळपास ४५ टक्के जास्त वीज. ती पुरवणारे सर्किट ऑफिसच्या स्वस्त बोर्डवर जेमतेम असते, त्यावर उष्णता शोषणारी पट्टीही बहुधा नसते. अशा बोर्डवरचा अडसर मला मान्य आहे, फक्त कारण तेच सांगा. आणि कारण दरपत्रकाचे असेल तर तसे खोक्यावर छापा: 'या बोर्डवर गुणक बदलता येणार नाही.' एवढी एक ओळ छापायला कितीसा खर्च?

परवा भाचा विचारत होता, "मामू, मग जुना झेड ६८ बोर्ड शोधू का?" त्याला म्हटले, आधी हीटसिंक उघड, धूळ काढ, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लाव. तापून मंदावणारा प्रोसेसर तेवढ्यानेच मूळ वेगावर येतो. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला तशीच दुसरी लाव, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव. आणि एवढे करूनही हाताला खाज सुटलीच, तर शोध बोर्ड, पण फोटोंची एक प्रत आधी माझ्याकडे ठेव.