किल्ली कोणाच्या कमरेला?

‘क्लाउड’ हा शब्द ज्याने रूढ केला, त्याने धोरणकर्त्यांचे मोठे नुकसान केले. ढगाला मालक नसतो, पत्ता नसतो, विजेचे बिल नसते. मी राहतो त्या बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारतींत बसून तरुण अभियंते ज्या यंत्रांना आज्ञा देतात, त्यांना हे तिन्ही आहे. फक्त ती यंत्रे सहसा बेळ्ळंदूरला नसतात.

ॲमेझॉनच्या जाळ्याचे भारतात दोन ‘प्रदेश’ आहेत: 2016 पासून मुंबई आणि 2022 पासून हैदराबाद. प्रत्येक प्रदेशात तीन विभाग, प्रत्येक विभागाची वीज आणि शीतकरण स्वतंत्र. विभागांमधले अंतर असे राखलेले, की एकाच पुरात वा आगीत सारे सापडू नयेत. तरीही ते शंभर किलोमीटरच्या आत, म्हणजे एकीकडची नोंद दुसरीकडे क्षणार्धात उमटावी. सप्टेंबर 2022 च्या पावसात बेळ्ळंदूर-येमलूर परिसर बुडाला आणि संगणक अभियंते ट्रॅक्टरमधून कामावर गेले, तेव्हा यंत्रे अन्यत्र असण्याचे शहाणपण उमगले.

मग व्हर्जिनियाचा संबंध कोठे येतो? अंतराने पाहिले तर येऊ नये. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेला जाऊन येण्यात सेकंदाचा सातवा हिस्सा तरी जातोच, म्हणून ग्राहकाची नोंद जवळच्या प्रदेशात ठेवतात. परंतु कोणाला प्रवेश द्यावा, कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर आहे, अशी काही जागतिक व्यवस्थापनाची कामे उत्तर व्हर्जिनियातील जुन्या प्रदेशाशी बांधलेली आहेत. 20 ऑक्टोबर 2025 रोजी तेथे एका डेटाबेस सेवेचा पत्ता यादीतून पुसला गेला. यंत्रे शाबूत, नोंदी शाबूत, पण वाट सापडेना. आणि अमेरिकेबाहेरच्याही असंख्य सेवा खोळंबल्या. दप्तरखान्यात फायली जागच्या जागी असाव्यात आणि अनुक्रमणिकाच गहाळ व्हावी, तसे हे झाले.

तो अपघात होता. हेतुपुरस्सर काय होऊ शकते, याचे उत्तर इतिहासात आहे. 1870 मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन-सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली, तेव्हा येथील व्यापाऱ्यांना दिसला तो कापसाचा ताजा भाव. तार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीला पडला. युद्ध पुकारल्यावर काही तासांतच ब्रिटिश जहाजाने तिच्या समुद्री तारा तोडल्या होत्या.

आपल्याकडे याची चुणूक जुलै 2025 मध्ये मिळाली. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध ब्रुसेल्सचे, सेवा अमेरिकेची, अडलेले काम भारतातले.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये देयक व्यवहारांची माहिती केवळ भारतातच साठवण्याचा आदेश दिला. तो योग्यच होता, पण त्याने ‘कोठे’ एवढेच विचारले. सरकारी खात्यांच्या निविदाही बहुधा तेवढ्यावर थांबतात. माहिती देशात असल्याचे प्रमाणपत्र जोडले की टिपणी पुढे सरकते. सगळे शासनाच्या ‘मेघराज’वरच हलवा, असे मात्र मी म्हणणार नाही. खाजगी जाळ्यांची शिस्त आणि आवाका सरकारी केंद्रांना सहज साधणारा नाही.

कोषागाराच्या तिजोरीला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, एकट्याने ती उघडत नाही. भूमी अभिलेख, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन यांच्या करारांत हीच अट हवी: गुप्तलेखनाची किल्ली खात्याच्या ताब्यात, आणि तिची प्रत पुरवठादाराकडे नाही. शिवाय वर्षातून एकदा परदेशी दुवा मुद्दाम तोडून, त्या दिवशी तलाठ्याला सातबारा काढून देता येतो का, हे जिल्हाधिकाऱ्याच्या समक्ष पाहावे. न आल्यास पुरवठादाराचे देयक रोखण्याचा अधिकार त्याच जिल्हाधिकाऱ्याला द्यावा.