पिंजऱ्याने काय साधते?

पनवेलच्या वेशीवरच्या एखाद्या सोसायटीत सीसीटीव्हीत बिबट्या दिसला, की सकाळच्या चहाआधी तो व्हिडिओ तालुकाभर फिरतो आणि दुपारपर्यंत मागणी ठरते: पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा.

लांब सोडल्यावर काय होते, हे महाराष्ट्रात मोजून झाले आहे. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक पोक्त नर बाहेर काढून, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने गळ्यात जीपीएस पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडला. नाव ठेवले आजोबा. आजोबा माळशेजात रमले नाहीत. कसाऱ्याची रेल्वे, आग्रा महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून त्यांनी थेट मुंबईचे राष्ट्रीय उद्यान गाठले. सरळ रेषेत धरले तरी 37 दिवसांत 89 किलोमीटर. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेले. ओळख पटली ती अंगातल्या चिपवरून.

त्याच अभ्यासात लांब नेऊन सोडलेली एक मादीही पाच महिने भटकली आणि 65 चौरस किलोमीटर मुलूख धरून बसली. पकडले तिथेच सोडलेल्या तिघांचे मात्र 8 ते 15 चौरस किलोमीटरमध्ये भागले. हे तिघे भर वस्तीतले. रात्री त्यांच्या पाचांतल्या एका नोंदीत घर पंचवीस मीटरच्या आत होते. दिवसा असे शंभरात एकदाही नाही. म्हणजे आपण झोपल्यावर यायचे आणि उठायच्या आत निघायचे, एवढी शिस्त त्यांनी पाळली होती. बेशिस्त सुरू होते ती आपण त्यांना उचलून परक्या मुलखात टाकल्यावर.

आता पनवेलजवळचे कर्नाळा पाहा. अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटर, त्यातूनही गोवा महामार्ग गेलेला. एका मादीचे अंगण, फार तर. पिल्लू मोठे झाले की आई त्याला थारा देत नाही. त्याने जायचे कुठे? समोर प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर आहे, साधारण पंधरा किलोमीटरवर. बिबट्या रात्री तासाला सरासरी तीनेकशे मीटर सरकतो, तेव्हा हे चारपाच रात्रींचे काम. पण मध्ये दोन रेल्वेमार्ग, जुना पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग.

अशा रस्त्यांखालून वाट काढता येते. पेंच व्याघ्र प्रकल्पात नागपूर-शिवनी महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा सोडल्या; वाघ तिथून ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. विरार-अलिबाग मार्गिका पनवेल तालुक्यातूनच जायची आहे. तिच्या नकाशात अशा वाटा कुठे कुठे आहेत, हे पिंजरा मागणाऱ्यांनी आणि पुरवणाऱ्यांनी आत्ताच विचारावे. डांबर पडल्यावर रस्ता पोखरायला कोणी येत नसते.