सिकलसेल : औषधासोबत माहितीही द्या

साकोली तालुक्यातील सानगडी आणि आसपासची गावे धानाची. रोवणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येक हाताला काम असते. नेमके तेव्हा सिकलसेलग्रस्त मुलाचे हातपाय दुखू लागले, की आईची मजुरी बुडते. दवाखाना गाठणे, रक्ताची सोय बघणे, रात्र जागून काढणे हे सहसा तिच्याच वाट्याला येते. वर ‘तुझ्यामुळेच हा आजार आला’ हे बोलणेही तिलाच ऐकावे लागते.

वास्तविक आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. एवढी गोष्ट नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना नीट समजली, तरी तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे एक उद्दिष्ट. तपासणी हवीच; पण अहवाल हातात पडल्यावर घरी काय करायचे, हेही कुणी सांगायला हवे.

त्याने काय साधते, हे जमैकाने दाखवले आहे. या आजारात लहान मुलांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, एकाएकी रक्ताने फुगते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या गटाने तिथल्या आयांना मुलाचे पोट हाताने तपासायला शिकवले. मुले वेळेत दवाखान्यात येऊ लागली आणि या कारणाने होणारे मृत्यू खूपच घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही.

आपल्याकडेही पालकांना मोजक्याच गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात. मुलाला भरपूर पाणी पाजावे, पावसात भिजू देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सियुरिया बरे वाटले म्हणून बंद करू नये. रक्ततपासणी चुकवू नये. १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी पांढरे पडणे, पोट फुगणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. काय सांभाळायचे आणि कधी निघायचे हे कळले, की रोजची धास्ती कमी होते.

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन ऐन रोवणीच्या तोंडावर येतो. त्या दिवशी नुसती फेरी काढण्यापेक्षा आशाताई आणि परिचारिकांनी अशा घरांतील माणसांना अंगणवाडीत बोलावून हे प्रत्यक्ष करून दाखवावे. बैठकीला वडील, आजी आणि शाळेचे गुरुजीही हवेत. आजार घरातल्या सगळ्यांना समजला, तरच मुलाची काळजी एकट्या आईवर राहणार नाही.